मला मूळ संख्या म्हणू नका

मी ९,९९,९१९ बोलतेय. दहा लाखांना एक्क्याऐंशी कमी. ९९१ आणि १००९ यांचा गुणाकार म्हणजे मी. तरी स्वीडनमधल्या उप्सालाच्या ग्रंथालयातल्या एका जाडजूड पुस्तकात माझ्यापुढे छापलंय: ‘मूळ’. म्हणजे एक आणि मी स्वतः सोडून मला भागणारं कुणीच नाही! आईबाप जिवंत असताना अनाथ ठरवलेल्या माणसाला विचारा, कसं वाटतं ते.

पुस्तक प्रोफेसर लाग्रेलियस यांचं. दहा लाखांपर्यंतच्या सगळ्या संख्या मोठमोठ्या कागदांवर मांडलेल्या. प्रत्येक मूळ संख्येची एक जाळी, म्हणजे भोकं पाडलेला पुठ्ठा. तो पानावर ठेवायचा. भोकातून जी दिसेल ती भागली जाते, म्हणून खोडायची. अशा जाळ्या दोनपासून ९९७ पर्यंत टाकायच्या. शेवटी उरतात त्या मूळ. हे काम नऊ वर्षं केलं सिग्ने ओकरलुंडनं. पदवीधर मुलगी, बोटं कायम शाईनं माखलेली.

९८३ची जाळी टाकून झाली आणि प्रोफेसरांचा साठावा वाढदिवस तोंडावर आला. त्या दिवशी बांधलेलं पुस्तक हातात हवं होतं.

“अजून दोन जाळ्या राहिल्यात,” सिग्ने म्हणाली.

“त्यांत नवं काय सापडणार, मुली? फार तर तीन-चार संख्या.”

“म्हणजे तीन-चार चुका छापायच्या?”

“कॉफी गार होतेय तुझी.”

वाढदिवसाला बदामाचा केक कापला, भाषणं झाली, पुस्तक हातोहात फिरलं. सिग्नेनं कोपऱ्यात उभ्याउभ्याच शेवटचं पान उघडलं आणि तिची नजर माझ्यावर थबकली. तिला जाळीसुद्धा लागली नाही. हजाराच्या वर्गातून नऊचा वर्ग वजा केला की मी. म्हणजेच हजार वजा नऊ, गुणिले हजार अधिक नऊ. शाळेतली रीत! नऊ वर्षांत त्या थोर माणसाला एकदाही सुचली नाही.

पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, “प्रोफेसर, शुद्धिपत्र लावा. एक चिठ्ठी पुरे.”

“साठाव्या वर्षी माझ्या पुस्तकाला ठिगळ? आभारांत तुमचं नाव आहे, ओकरलुंडबाई. पुढच्या आवृत्तीतही राहावं असं वाटतं ना?”

“नाव काढा. चिठ्ठी लावा.”

पुढच्या आवृत्तीत नाव निघालं. चिठ्ठी लागली नाही. दोन महिन्यांत कामही गेलं.

मग ती मुलींच्या शाळेत शिकवायला लागली. दर शनिवारी ग्रंथालयात यायची आणि माझ्याशेजारी पेन्सिलीनं माझे दोन अवयव लिहायची. सोमवारी म्हातारा ग्रंथपाल पुटपुटत खोडायचा, “प्रोफेसरांच्या पुस्तकावर गिरगोट्या!” गुणून बघायला त्याला अर्धं मिनिट लागलं असतं. खोडायला वर्षानुवर्षं वेळ होता.

एका शनिवारी ती शाई घेऊन आली.

ती शाई आता तपकिरी झालीय. त्या जागी कागद खोडून खोडून इतका पातळ झालाय की मागचा पुठ्ठा आरपार दिसतो. पुस्तक अजून मानाच्या कपाटात आहे, कातडी पुठ्ठ्यात, सोनेरी नावासकट. नाव कुणाचं, सांगायला नको.

माझ्यावर दया नका करू. कागद घ्या. ९९१ गुणिले १००९. आत्ता, इथेच. आणि उत्तर आलं की मोठ्यानं म्हणा, सिग्ने बरोबर होती.