खिडकीकडे डोकं

दचकू नका, मी फळी बोलतेय. प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीतली, मेलेल्यांना आंघोळ घालायची फळी. माझ्याच झाडाची एक बहीण पाळणा झाली म्हणे. ज्याचं त्याचं नशीब.

इथला नियम सोपा. पुरुषाचं डोकं खिडकीकडे, बाईचं दाराकडे. पुरुषाला पुरुषांनी धुवायचं, बाईला बायकांनी. कुणी गेलं की घंटा वाजते आणि धुणारे येतात. त्या घंटेला बाईने हात लावायचा नाही. का, ते कुणालाच माहीत नाही.

ती घंटा चाळीस वर्षं काकांनी वाजवली. लहानथोर सगळे त्यांना काकाच म्हणत. ते रोज दुपारी येऊन मला पुसायचे. एकदा माझ्यावर आडवे झाले, डोकं खिडकीकडे करून. बायकांना आंघोळ घालणारी मावशी तिथेच बादल्या घासत होती. तिला म्हणाले, "मला तूच धू, दार लावून. तापात तू माझं अंग पाहिलंयस."

"पाहिलं, आणि पोटात ठेवलं," मावशी म्हणाली. "घंटा ऐकली की धावत येईन."

काका गेल्यावर घंटा वाजवणार कोण, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

ते गेले त्या सकाळी घंटा वाजलीच नाही. दोन पुरुष काकांना उचलून घेऊन आले, त्यांनी सदरा काढला आणि मागे सरले. प्रार्थनाघराचे कारभारी धावत आले. "ही तर बाई! सगळ्यांना फसवलं हिने. फिरवा फळी!"

मावशी पोचली तेव्हा माझं उशाचं टोक दाराकडे होतं. बायकांचं कापड गुंडाळून झालं होतं.

"काका आहेत ते!" ती ओरडली. "चाळीस वर्षं हाक मारलीत, ती काय खोटी होती?"

"मावशी, यात लुडबुड नको."

तिने काकांचे पाय धरले. "उशीर झाला हो मला," एवढंच म्हणाली. मला फार वाईट वाटलं. थडग्यावर काकांचं जन्मावेळचं, मुलीचं नाव कोरलं गेलं.

दुसऱ्या दिवसापासून भर दुपारी माझ्यावर वजन येतं. गार, ओलं. सकाळी दाराकडे असलेलं माझं उशाचं टोक संध्याकाळी खिडकीकडे सापडतं. मला काही पाय नाहीत. मी हलू नये म्हणून कारभाऱ्यांनी मला खिळे ठोकले. ते उपटून, एकही न वाकवता, शेजारी ओळीने मांडलेले होते. काकांचं काम असंच नीटनेटकं असायचं.

मावशी तेवढी घाबरत नाही. येते, मला पुसते, म्हणते, "पडा काका."

आता लोखंडी टेबल आलंय. उद्या मला फोडणार आहेत. माझी तक्रार नाही, जुन्या लाकडाचं दुसरं काय होणार? फक्त कुऱ्हाड उचलण्याआधी खाली वाकून "काका" अशी हाक मारा. दगडावरच्या नावाने नको, ते कुणी ऐकत नाही. "काका" म्हणा. त्या हाकेला त्यांनी ओ दिली नाही असं कधी झालेलं नाही. ते उठतील, बाजूला होतील.

हाक नाहीच मारलीत, तर कुऱ्हाड कुणाच्या अंगावर पडली, ते मात्र मला विचारू नका.