न चिकटणाऱ्या तव्याची कबुली

मित्रांनो, मी जळगावच्या पिंप्राळ्यातला एक जुना नॉनस्टिक तवा आहे. जुना म्हणजे सहाच वर्षांचा. पण आमच्या जातीत एवढं वय पुष्कळ झालं. लोखंडी तवे तीन पिढ्या टिकतात आणि तेवढाच तोरा मिरवतात. मिरवोत बापडे! मोतीलाल नानांच्या हृदयाचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलं, तेव्हा घरात मलाच आणलं.

आणलं त्यांच्या सुनेनं, लताबाईनं. चमचाभर तेलात मी धिरडी अशी अलगद सोडायचो की शेजारणी बघायला यायच्या. लताबाई लाकडी उलथणं वापरायची, मऊ फडक्यानं धुवायची. माझ्यासोबतच्या कागदावर लिहिलं होतं की रिकामा तवा मोठ्या आचेवर तापवू नये, घातक धूर निघतो. तिनं ते वाचलं होतं. पण झुंबरबाईंना, म्हणजे तिच्या सासूला, तवा तापवायला शिकवणार कोण? तिनं तो कागद फडताळात ठेवून दिला.

झुंबरबाईंचा ठेचा म्हणजे आधी तवा धूर ओकेपर्यंत तापला पाहिजे. एका थंडीत त्यांनी खिडकी लावली, मला मोठ्या आचेवर चढवलं आणि मिरच्यांची देठं काढत बसल्या. माझ्या काळ्या लेपातून धूर सुटला. मग मिरच्या पडल्या आणि सगळे खोकू लागले; पण मिरची भाजताना ठसका लागला तर खान्देशात कोण मनावर घेतो? स्वयंपाकघरात नानांच्या लाडक्या लव्हबर्डांचा पिंजरा टांगलेला होता. थोड्याच वेळात दोन्ही पाखरं तळाशी निपचित पडली. नानांनाही संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला. तो दुसऱ्या दिवशी उतरला, तोवर घराच्या जिवात जीव नव्हता.

गुरांच्या दवाखान्यात काम करणारे शेजारी रुपचंद आले. अति तापलेल्या लेपाचा धूर पाखरांचा जीव घेतो, माणसालाही बाधतो, असं त्यांनी समजावलं. लताबाईनं रडत रडत त्या कागदाचं सांगितलं. झुंबरबाईंनी पिंजरा खाली उतरवला.

"तवाना काय दोष शे? चूक मन्ही शे," त्या म्हणाल्या. "पन तू पहिलेच सांगती तर मी ऐकती व माय."

ठेच्यासाठी माळ्यावरचा लोखंडी तवा खाली आला. मी मंद आचेवर, उघड्या खिडकीपाशी धिरडी करत राहिलो. नाना आता पायी बाजारात जातात. त्यातलं थोडं श्रेय मी घेणारच.

यंदा मात्र माझ्या लेपाचे पोपडे सुटू लागले. चालतं भांडं टाकायचं झुंबरबाईंच्या जिवावर आलं. धरणगावच्या बहिणीला, भिकुबाईला चुलीवर चालेल म्हणून त्यांनी मला फडक्यात बांधलं. भिकुबाईच्या चुलीशेजारी तान्ह्या नातवाचा पाळणा असतो.

लताबाईनं गाठ सोडली.

"आत्या, हा कोणालाच द्यायचा नाही."

झुंबरबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मला भंगाराच्या पोत्यात टाकलं. मित्रांनो, इतर वस्तू तुम्हांला विनवतात, आम्हांला टाकू नका. माझं मागणं उलटं आहे. माझा लेप निघाला की मला खुशाल टाका, आणि घरातलं मोठं माणूस चुकत असेल तर त्याला वेळेवर सांगा.