अर्ध्या कपाची काळजी

ती कवळ्या करायची. शहरातले चौदा दातांचे डॉक्टर तिला तोंडपाठ. कुणाच्या आईचे गुडघे धरलेत, कुणाची लेक परीक्षेत अडकली, कुणाला नव्या घराचं वेड लागलंय. "आधी माणसाची विचारपूस, मग काम," असं ती धाकट्या जावेला सांगे. वीस वर्षांत एकेक मणी ओवावा तशी तिनं ही माणसं ओवली होती.

जावा जावा नि उभा दावा म्हणतात. ह्या दोघींचं मात्र टेबल एक, दिवा एक; मेणात दात बसवताना गाणंही एकच, अर्धी ओळ हिची, अर्धी तिची. म्हणून तर गेल्या वर्षी डॉक्टरांच्या मेळाव्यात तिनं जावेला हाताला धरून चौदाही जणांपुढं नेलं. म्हणून तर एका सकाळी बोटं जराशी थरथरली, तेही तिलाच सांगितलं. थंडी होती, पोटात चहा नव्हता. दुपारी हात पुन्हा ताळ्यावर.

यंदा मेळाव्यात थोरले डॉक्टर तिला पाहताच उठून आले. त्यांच्या मोठ्या दवाखान्याचं वर्षभराचं काम कुणाला, ते आज ठरायचं होतं. त्याच आशेवर ती ठेवणीतले कपडे घालून आली होती.

"हात कसा आहे आता?" डॉक्टर आजाऱ्याशी बोलावं तसं बोलले. "धाकट्या बाईंनी सांगितलं. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या. आता विश्रांती घ्या."

"एकदाच झालं होतं, डॉक्टर. सकाळी जरा..."

"लपवू नका. आम्ही काय परके?"

तेवढ्यात जाऊ चहा घेऊन आलीच. "बसा ना ताई, उभ्या का?"

कप अर्धाच भरला होता. सांडू नये म्हणून. शेजारच्या दोघांनी कपाकडं पाहिलं, मग तिच्या बोटांकडं.

केवढी ही माया! आणि शिकवली कुणी, तर तिनंच.

तिनं किटली उचलली, कप काठोकाठ भरला आणि सगळ्यांच्या देखत थोरल्या डॉक्टरांच्या हाती दिला. थेंब सांडला नाही.

"अहो, हात तर खडखडीत आहे तुमचा!" डॉक्टर ओशाळले. कपाकडं बघतच म्हणाले, "पण बाई, मी कालच धाकट्या बाईंना शब्द देऊन बसलो."

दुसऱ्या दिवशी जाऊ टेबलापाशी आली, जणू काही घडलंच नाही.

"रुसलात होय ताई? काम घरातच आलं ना? तुम्ही काय, मी काय." मग जरा थांबून, गोड आवाजात, "थोरल्या डॉक्टरांकडं पहिला साचा घेऊन कधी जाऊ? सकाळी चिडचिड करतात का हो ते?"

वीस वर्षांचं उत्तर तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. तिनं ते गिळलं.

"तूच विचार त्यांना," ती म्हणाली. "ओळख तुझी आहे ना आता."

आणि आपलं मेण, आपली सुरी उचलून ती स्वयंपाकघरातल्या खिडकीशी जाऊन बसली.