माळ्यावरून उतरलेला पाळणा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी पाळणा आहे. जुना म्हणजे मोडका नव्हे हं. माझे कठडे घट्ट आहेत, मला माझ्याच लाकडी चौकटीला टांगणाऱ्या साखळ्या शाबूत आहेत, आणि कुरकुर करायची सवय मला पहिल्यापासूनची आहे, ती काही म्हातारपणाची नाही. आम्हा पाळण्यांचं नशीब जरा विचित्र असतं. घरातल्या सगळ्यात लहान माणसाची सोबत आम्हाला मिळते, आणि ते माणूस बोलायला लागलं की आमचं काम संपतं. म्हणजे ज्याच्याशी चार गप्पा माराव्यात असं कुणी आमच्या वाट्याला येतच नाही.

पुण्याजवळचं धायरी तेव्हा गाव होतं. तुळजाबाईंचं पहिलं बाळंतपण झालं आणि हिंदुराव सुतारांनी मला घडवलं. हिंदुराव कामाला चोख आणि तोंडाचे फटकळ. "रंग कशाला पायजे? पोरगं कठडा चाटनार, मग रंग पोटात जानार," असं म्हणून त्यांनी मला नुसतं घासून गुळगुळीत केलं आणि भरपूर तेल पाजलं. माझ्यात पहिला निजला तो सर्जेराव. मग त्याची भावंडं, आणि मग आळीतली पोरं, कारण त्या काळी पाळणा एका घराचा नसायचा. कुठे बाळंतपण झालं की मी कुणाच्या तरी डोक्यावर बसून तिकडे निघायचो. न्यायला आलेली बाई आधी विचारायची, "यात कोन कोन निजलंय?" तुळजाबाई एकेका पोराचं नाव सांगायच्या आणि वर म्हणायच्या, "समदी धडधाकट हायेत. ने बिनघोर." माझी ओळख ती एवढीच, आणि मला ती पुरत होती.

पुढे सर्जेरावाचं लग्न झालं, शैला घरात आली. ऋषी झाला. शेताच्या जागी सोसायटी उभी राहिली आणि आम्हाला तिच्यात तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. मी लिफ्टमध्ये मावलो नाही, जिन्यानं गेलो. त्या नव्या घरात शैलाला मुलगी झाली. तिचं नाव संस्कृती. मी कुरकुरलो नाही तर ही पोरगी झोपायचीच नाही. सर्जेराव एकदा तेलाची बाटली घेऊन आला, तर शैला म्हणाली, "अहो, राहू दे. तिला तो आवाज आवडतो." माझ्या कुरकुरीचं कौतुक करणारी आख्ख्या आयुष्यात ही एकटीच भेटली.

ती नुकती पालथी पडायला लागली होती. त्या पावसाळ्यात तिच्या छातीत कफ भरला आणि तिला दवाखान्यात नेलं. गडबडीत तिचं दुपटं माझ्यातच राहिलं. घरची माणसं परत आली, ती आली नाही.

पुढचं सांगताना मला अजूनही जड जातं. तुळजाबाईंनी घरात सांगून टाकलं, "पोरीचं नाव काढायचं न्हाई. सुनेला तरास हुतो." त्यांच्या मनात काळजीच होती, हे मी जाणतो. पण सुनेला काय हवंय हे सुनेला कुणी विचारलं नाही. सर्जेरावानं माझ्या साखळ्या सोडल्या, मला चादरीत गुंडाळलं आणि माळ्यावर चढवलं.

माळ्यावर माझ्या शेजारी एक फुटकी बॅग, चटईची गुंडाळी आणि दिवाळीचा आकाशकंदील. कंदील निदान वर्षातून एकदा खाली जायचा, मी जिथल्या तिथे. खालचं सगळं ऐकू यायचं. कुकरच्या शिट्ट्या, ऋषीची शाळेची धांदल, टीव्ही. तेवढं एक नाव सोडून सगळं. दुपारी घर रिकामं असलं की शैला कधीकधी स्टूल घेऊन यायची, माळ्याचं दार उघडून माझ्याकडे बघत राहायची आणि काहीच न काढता दार लावून घ्यायची. आम्ही दोघं एकाच घरात, एकाच दुःखात, आणि एकमेकांना काही सांगायची सोय नाही. एकटेपण म्हणतात ते याला, मित्रांनो.

गेल्या उन्हाळ्यात सोसायटीत जुन्या वस्तू गोळा करायचा कार्यक्रम झाला. वापरात नसलेलं सामान द्या, गरजूंना उपयोग होईल, कचराही कमी होईल, अशी पाटी लिफ्टशेजारी लागली. आमची माणसं दिलदार. कुणी पातं नसलेला मिक्सर दिला, कुणी एका पायाची चप्पल. एका काकांनी दात पडलेला कंगवा दिला, आणि वर पावती मिळेल का म्हणून विचारलं. तुळजाबाई लेकीकडे लोणी काळभोरला गेल्या होत्या. शैलानं मला खाली उतरवलं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि स्वतः गाडीपाशी आणून ठेवलं. गाडीवर वस्तू गोळा करणाऱ्या संस्थेची नम्रता उभी होती.

"याला घेईल ना कुणी?" शैलानं विचारलं.

"नक्की घेईल, ताई. इतका सुंदर आहे," नम्रता म्हणाली.

शैला गाडी निघेपर्यंत थांबली नाही.

संस्थेचं दुकान येरवड्याला. तिथे दिलेल्या वस्तू मांडून ठेवतात, ज्याला हवी तो नाममात्र पैशात नेतो. कपडे भराभर जात, भांडी तर टिकतच नसत. माझ्याकडे सगळे वळून बघायचे, हात फिरवायचे, वा म्हणायचे आणि बादली घेऊन जायचे. एकदा एका पोरानं मला झोका दिला, तर आईनं त्याचा हात धरून ओढला, "रिकामा पाळणा हलवू नये रे." झालं. त्या दिवसांत मला मिळालेला तेवढाच काय तो झोका.

मग एक दिवस दुर्गाबाई आल्या. नांदेडकडच्या. मुलगा वैजनाथ इथे कारखान्यात कामाला, सून नुकतीच बाळंत झालेली. घराच्या स्लॅबला कडी नाही, झोळी कुठे बांधणार, म्हणून मायलेक चौकटीवरचा पाळणा शोधत होते. दुर्गाबाईंनी माझ्या कठड्यावरून तळवा फिरवला, खालून बघितलं, साखळी ओढून बघितली. घेणारी बाई ओळखू येते हो. मी मनातल्या मनात त्यांच्या घरी पोचलोसुद्धा.

"बाई, हा कुण्या घरचा हाय?" त्यांनी नम्रताला विचारलं. "यातली लेकरं कशी हायेत?"

"मावशी, आम्ही देणाऱ्याचं नाव सांगत नाही. तसा नियमच आहे. घेणाऱ्याला ओशाळल्यासारखं वाटू नये म्हणून."

"नाव नका सांगू. लेकरं कशी हायेत तेवढं सांगा."

नम्रताला ते कुठे ठाऊक होतं? "काही ठावं नसलेला पाळणा घरात कसा न्यावा?" असं म्हणून, दुसरा पाळणा आला तर कळवा म्हणत फोन नंबर देऊन दुर्गाबाई गेल्या. नियम चांगल्या मनानं केलेला होता, पण त्यानं मला बेवारशी करून टाकलं. आणि मित्रांनो, माझं भय तर दुहेरी होतं. काहीच कळलं नाही तर मला कुणी नेणार नाही, आणि खरं कळलं तर मुळीच नेणार नाही.

माझी अशी दशा झाल्यावर शुभंकरची नजर माझ्यावर गेली. हा संस्थेत येणारा कॉलेजचा मुलगा, हुशार आणि उत्साही. शनिवारी शाळेच्या मैदानावर संस्थेचा मेळावा होता. कापडी पिशव्या, ओल्या कचऱ्याचं खत, घरून ताट-वाटी आणा आणि जेवा, असं सगळं. त्यात टाकाऊतून टिकाऊ करून दाखवायचं काम शुभंकरकडे.

"ताई, हा पाळणा मला द्या. कठडे कापून मस्त प्लांट स्टँड होईल. वर लायटिंग. एकदम भारी दिसेल."

"अरे, पण तो चांगला धड आहे," नम्रता म्हणाली.

"धड आहे, पण कुणी नेत नाहीये ना."

शुभंकरनं माझ्या अंगावर पेन्सिलीनं खुणा केल्या. मी धड असून टाकाऊ कसा झालो, हे मला आजवर कुणी समजावलेलं नाही.

नम्रताला मात्र चैन पडेना. मला गाडीत चढवणारी तीच होती, घर तिच्या लक्षात होतं आणि यादीत फोन नंबरही होता. तिनं शैलाला फोन लावला आणि दुर्गाबाई काय विचारून गेल्या ते सांगितलं. शैला म्हणाली, "त्यांना शनिवारी बोलवा. मी येऊन सांगते."

शनिवारी मैदानावर मला मधोमध मांडलेलं, शेजारी करवत. दुर्गाबाई वैजनाथला घेऊन आल्या. थोड्या वेळानं शैला आली, एकटीच.

"ताई, मी उगीच तुम्हाला तरास दिला," दुर्गाबाई म्हणाल्या. "एकच विचारायचं. यातली लेकरं बरी हायेत ना?"

नम्रता शैलाकडे आशेनं बघत होती. नुसतं हो म्हटलं असतं तर भागलं असतं. कोण तपासायला जाणार होतं?

"माझे मालक यातच वाढले, त्यांची भावंडं, आमच्या आळीतली मुलं. सगळी छान आहेत. माझा ऋषी आता सहावीत आहे." शैलानं माझ्या कठड्यावर हात ठेवला. "आणि एक मुलगी होती मला. ती राहिली नाही."

वैजनाथनं आईच्या दंडाला हात लावला. "आई, चल आपण." शुभंकर मान खाली घालून करवतीचं पातं पुसायला लागला. संपलं, मी मनात म्हटलं. लागू दे आता करवत.

दुर्गाबाई जागच्या हलल्या नाहीत. "केवढी होती?"

"पालथी पडायची."

"कुणावर गेलती?"

शैलानं मान वर केली. "माझ्यावर. कपाळ आणि डोळे माझे. झोपताना माझं बोट धरायची, आणि झोपली तरी सोडायची नाही."

"नाव काय ठेवलं होतं?"

"संस्कृती."

मित्रांनो, इतक्या वर्षांत ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. शैलानंही ते पहिल्यांदाच उच्चारलं असावं, कारण एकदा म्हणून तिचं समाधान झालं नाही. तिनं पुन्हा म्हटलं, "संस्कृती नाव होतं तिचं." मग ती रडली. दुर्गाबाईंनी तिला रडू दिलं, गप्प हो म्हटलं नाही.

"माझंबी एक लेकरू गेलं, या वैजनाथच्या आधीचं," दुर्गाबाई म्हणाल्या. "झोळीत निजायचं. झोळी काय मी फेकून दिली नाही. हा त्याच झोळीत वाढला." वैजनाथ आईकडे बघतच राहिला. त्यालाही हे कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. "उचल पाळणा," त्या त्याला म्हणाल्या. "खरं सांगणाऱ्या बाईच्या घरचा हाय." शुभंकरनं करवत बाजूला ठेवली आणि खोडरबर शोधायला धावला.

निघताना दुर्गाबाई शैलाला म्हणाल्या, "उद्या बारसं हाय. एका अंगाला मी उभी राहते, दुसऱ्या अंगाला तुम्ही."

"मी? मी चालेन का तिथं?"

"न चालायला काय झालं? या लवकर."

तुम्ही बारसं पाहिलं असेल. पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहतात, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत बाळाला वरून देतात, खालून घेतात. बाळ दुर्गाबाईंच्या हातांतून शैलाच्या हातांत गेलं, आणि शैलानं ते लगेच परत दिलं नाही. छातीशी धरून ती उभीच राहिली. बाकीच्या बायका चुळबुळल्या, पण समोरून हात पुढे करून उभ्या असलेल्या दुर्गाबाई शांत होत्या. पलंगावरून बाळाची आई, प्रियदर्शनी, म्हणाली, "राहू द्या, ताई. सावकाश द्या." मग ते बाळ माझ्यात आलं. मी कुरकुरलो आणि ते झोपलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर द्या. माळ्यावर कोंडून ठेवू नका, आणि धड वस्तूला करवत लावायच्या आधी कुणाला तरी विचारा. देताना तिच्याबद्दल दोन खरे शब्द सांगा, घेताना दोन शब्द विचारून घ्या. आणि तुमच्या ओळखीत असं एखादं घर असेल, जिथला पाळणा अचानक दिसेनासा झाला, तर त्या घरातल्या आईकडे बसा जरा वेळ. तिच्या बाळाचं नाव काय होतं, तेवढं तिला विचारा. ती सांगेल.