वास बघण्याचं काम

मलम करताना वास बघायचं काम माझं होतं. वजनं धाकटीची, आच धाकटीची, घोटणं धाकटीचं, बरण्या उकळून फडक्यावर पालथ्या घालणंही तिचंच. पण तेलाच्या डब्याचं झाकण उघडून, नाक आत घालून "हं, घे" म्हणायचं ते मी. मी "हं" म्हटल्याशिवाय शेगडी पेटत नसे. अकरा वर्षं हे असं चाललं होतं आणि ही वाटणी अगदी न्याय्य आहे असं मला मनापासून वाटत होतं.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. दीर गेले तेव्हा तिचा मुलगा शिकायला परगावी होता आणि ती वरच्या मजल्यावर एकटी. दिवसभर भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा खाली ये आणि मला मदत कर, म्हणून मी तिला ओढून आणलं. साबणाच्या पाण्यानं माझ्या हातांना भेगा पडायच्या, दुकानातल्या मलमांनी आग व्हायची, म्हणून मी बदामतेलात मेण वितळवून काहीतरी खटपट करत होते. माझं सगळं अंदाजपंचे. कधी दगडासारखं घट्ट व्हायचं, कधी वर पाणी आणि खाली तेल. धाकटीनं आठ दिवस नुसतं बघितलं आणि मग एक वही आणली. गुलाबपाणी आणि तेल दोन्ही सारखंच कोमट असलं तर मलम फाटत नाही, हे तिनं शोधून काढलं. पाकळ्या तेलात किती दिवस मुरवायच्या, बाळांच्या मलमात काय घालायचं नाही, सगळं तिच्या वहीत. वर्षभरात कोपऱ्यावरचा औषधवाला आमच्या बरण्या ठेवायला लागला आणि वृद्धाश्रमातली सिस्टर म्हाताऱ्यांच्या कोरड्या पायांसाठी डझनानं न्यायला लागली.

आणि नाक माझं. उगाच फुशारकी मारत नाही, तेल खवट व्हायच्या चार दिवस आधी मला कळायचं. तेलवाल्याच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, मी एकदा अख्खा डबा परत केला होता. "हे दाराच्या बिजागरीला घाला," म्हटलं. तेव्हापासून तो नवीन माल आला की म्हणायचा, आधी काकूंना बोलवा. आमचे हे मला 'तपासनीस' म्हणायचे. मला ते फार आवडायचं. स्वयंपाकघरातलं बाकी कुठलंच श्रेय माझं नव्हतं, हे मला आतून ठाऊक होतं ना.

मग एका हिवाळ्यात मला जबरदस्त सर्दी झाली. पंधरा दिवसांनी ती गेली. पुढच्याच आठवड्यात मी फळी पुसत असताना सुगंधी तेलाची बाटली पडून फुटली. मी काचा वेचल्या, फरशी पुसली आणि पुन्हा निवांत फळी पुसायला लागले. तेवढ्यात हे बाहेरून आले आणि दारातच थबकले. "बाप रे! केवढा घमघमाट! रस्त्यापर्यंत येतोय."

"हो ना," मी म्हटलं, "डोकंच उठलं माझं."

ते माझं पहिलं खोटं. दुसऱ्या दिवशी बाजाराच्या नावाखाली मी डॉक्टरकडे जाऊन आले. ते म्हणाले, वास परत येईलही, नाहीही येणार. त्यातलं 'येईल' तेवढंच मी ऐकलं. आणि तोवर कुणाला कळू द्यायचं नाही असं ठरवलं. कळलं असतं तर काय झालं असतं? काहीही नाही. धाकटी हळहळली असती, दोन दिवस माझे लाड केले असते आणि तिसऱ्या दिवसापासून स्वतः वास बघायला लागली असती. नेमकं तेच मला नको होतं.

सोंग वठवणं काही अवघड गेलं नाही. डब्यावरची तारीख बघायची, तेल बोटांत चोळायचं, उजेडात धरायचं. आणि मुख्य म्हणजे धाकटीचा चेहरा बघायचा. मी झाकण उघडलं की ती शेजारीच असायची. तिच्या नाकपुड्या जराशा आक्रसल्या की मी "नको" म्हणायचे.

"अगंबाई, मलाही तसंच वाटलं होतं ताई!" ती म्हणायची आणि खुलायची. आपलं नाक ताईंच्या नाकाशी जुळलं याचा तिला कोण आनंद! मी तिच्याच नाकानं काम करत होते आणि ती मला शाबासकी देत होती.

चार-पाच महिने असे निभले. एके दिवशी सिस्टरची मोठी मागणी होती. मी डबा उघडला तेव्हा धाकटी पाठमोरी बरण्या पुसत होती. तिचा चेहरा दिसेना. तारीख ठीक होती, रंग ठीक होता. मी म्हटलं, "हं, घे."

तिनं तेल मोजायला घेतलं आणि तिचा हात थांबला. "ताई, जरा खवट वाटतंय का हो?"

त्या क्षणी मी नुसतं "वाटतंय खरं" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मी एकदा "हं" म्हटल्यावर तिनं उलट विचारायची ती पहिलीच वेळ होती आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आता तू मला वास शिकवणार का? वजनं कर आपली."

ती लाल झाली. "तसं नाही हो ताई," म्हणाली आणि शेगडी पेटवली. त्या दिवशी आम्ही चाळीस बरण्या भरल्या.

आठवड्याभरानं औषधवाला स्वतः खोकं घेऊन दारात. माणूस भला होता, आवाज चढवणारा नव्हता. "काकू, गिऱ्हाइकं परत आणून देतायत. म्हणतात, जुन्या तळणीचा वास येतो. सिस्टरनीही त्यांच्या बरण्या माझ्याकडेच आणून दिल्यात." त्यानं एक बरणी उघडून माझ्या पुढे धरली. तो माझ्याकडे बघतोय, धाकटी माझ्याकडे बघतेय. मी नाक लावलं. पाण्याच्या पेल्याला लावावं तसं, काहीसुद्धा नाही.

"येतोय खरा," मी म्हटलं. "मी बघितलं तेव्हा तेल चांगलं होतं. हिनंच डबा शेगडीपाशी उघडा टाकला असणार."

हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. पण निघून गेलेलं वाक्य परत घेता येतं, त्याला फार अक्कल लागत नाही, आणि मी घेतलं नाही.

धाकटी भांडली असती तर बरं झालं असतं. ती शेगडीकडे बघायला लागली. डबा कुठे होता, झाकण कुठे ठेवलं होतं, हे ती खरोखर आठवून बघत होती. मग म्हणाली, "राहिलं असेल माझ्याकडूनच. मला तर आधीच खवट वाटलं होतं. पण ताईंनी बघितलं तेव्हा चांगलं होतं, म्हणजे मला उगीचच वाटलं असणार. आणि खरंच खराब झालं तेव्हा माझं लक्षच नव्हतं." औषधवाल्याला तिनं हात जोडून माफी मागितली. मी शेजारी उभी राहून ऐकत होते. आज लिहितानासुद्धा मला स्वतःची लाज वाटते.

त्यानंतर ती झाकण तीन-तीनदा दाबून बघायला लागली. आधी माझ्या "हं"ची वाट पाहायची ती फक्त तेलापुरती, आता मेण, गुलाबपाणी, धुतलेली फडकीसुद्धा माझ्या नाकाखाली धरायची. "ताई, हे जरा बघता?" आणि तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसेना, कारण तीच माझ्या चेहऱ्याकडे डोळे लावून बसलेली. उघड्या डब्यावर वाकून दोन बायका एकमेकींची तोंडं बघतायत, कुणी पाहिलं असतं तर हसून हसून लोळला असता. मी भीतीपोटी दोनदा चांगलं तेल ओतून दिलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "बघा, मला कळलंच नव्हतं."

सहा महिन्यांनी तिच्या सुनेला दिवस गेले आणि मुलानं तिला बोलावलं. तिनं वही माझ्या हातात दिली. "येते ताई. माझ्यामुळे तुमचं काम बिघडायला नको." जिन्यात उभं राहून सांगायला मला एक मिनिट पुरलं असतं. मी म्हटलं, "पोचलीस की फोन कर." तिनं पोचल्यावर लगेच केला.

त्याला आता तीन वर्षं झाली. वास काही परत आला नाही. यांना सांगितलंय, वेगळ्या कारणानं: दोनदा काहीतरी करपलं आणि मला पत्ता नव्हता. धाकटीचं मात्र त्यांच्यापाशी बोलले नाही. वहीत बघून मी एकटीनं थोडंफार मलम करायचे, पण ताज्या डब्याशिवाय हात लावायची हिंमत होत नव्हती. गेल्या महिन्यात सिस्टर स्वतः आली. पायांच्या भेगांना दुसरं काही लागू पडत नाही, पुन्हा सुरू करा म्हणाली. आणि मी धाकटीकडे जायचं ठरवलं.

खरं सांगायचं तर मी माफी मागायला गेले नव्हते. मला तिचं नाक हवं होतं. गोड बोलून तिला परत आणायचं, ती शेजारी उभी राहील, मी तिचा चेहरा बघेन, पूर्वीसारखं सुरळीत होईल, कुणाला काही कळायला नको, असा माझा बेत होता. चार तास बसमध्ये मी तोच घोटत होते.

तिचं घर छोटं, नीटनेटकं. मला बघून तिला इतका आनंद झाला की माझी पिशवी कुठे ठेवावी तेच तिला सुचेना. नात अडीच वर्षांची, माझ्या चष्म्यावर डोळा ठेवून. सून तिला कपडे घालायला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि मी लगेच विषय काढला. "चल परत. निदान महिन्यातले आठ दिवस तरी. माझ्या एकटीच्यानं होत नाही गं."

ती हसली. "मी काय कामाची ताई? माझं नाक कसं आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे."

आतून नात दूध दूध करायला लागली. धाकटीनं फ्रिजमधून पातेली काढली, झाकण उचललं आणि तशीच आतल्या दाराकडे वळली. "अगं, हे जरा बघतेस का?"

"आले आई, एक मिनिट," सून आतून म्हणाली. मग मला ऐकू येईल असं हसत, "काकू, सांगा हो तुम्ही यांना. घरातली एक गोष्ट स्वतः हुंगत नाहीत. दूध मी बघायचं, पीठ मी बघायचं. मी कामावर असले की शेजारणीला हाक मारतात."

"चुकलं तर पोरीच्या पोटात जाईल ना," धाकटी म्हणाली. मग तिचा चेहरा उजळला. "अगं, तू राहू दे! आज ताई आहेत की." आणि तिनं ती पातेली माझ्या नाकासमोर धरली. "बघता का? कालचं आहे."

मी सवयीनं आधी दूध बघितलं, मग तिचा चेहरा. चेहऱ्यावर फक्त विश्वास होता. आतल्या खोलीत ती पोर माझं "हं" व्हायची वाट बघत रडत होती.

"मला वास येत नाही," मी म्हटलं.

"सर्दी झालीय?"

"झाली होती. चार वर्षांपूर्वी. तेव्हापासून येतच नाही."

तिनं पातेली खाली घेतली. ती मनाशी हिशेब लावतेय हे मला दिसत होतं, म्हणून मीच बोलत सुटले. "तो चाळीस बरण्यांचा डबा खवटच होता. तुझं बरोबर होतं. मला काही कळलंच नव्हतं, मी नुसतं 'हं' म्हटलं. झाकणही तू लावलं होतंस, मी बघितलं होतं. तुझं काहीच चुकलं नव्हतं गं, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही."

ती ओरडेल असं वाटलं. तिनं ओरडावं अशी फार इच्छा होती. पण तिनं पातेली दोन्ही हातांनी उचलली, स्वतःच्या नाकापाशी नेली, डोळे मिटले आणि श्वास घेतला. थांबली. पुन्हा घेतला. सांग, मी मनात म्हणत होते, काहीही सांग, एकदा ठामपणे सांग आणि मग हवं तर मला घालवून दे.

"नाही सांगता येत, ताई," ती म्हणाली. "वास येतोय. पण चांगला की वाईट, ते ठरत नाही."

सून हात पुसत बाहेर आली. तिनं पातेलीवर जेमतेम वाकून बघितलं, "चांगलं आहे की," म्हणाली आणि दूध गॅसवर ठेवलं. धाकटीनं नातीचा पेला काढून विसळला. माझ्याकडे न बघताच तिनं विचारलं, "परतीची बस किती वाजता आहे तुमची?"

"साडेचारची," मी म्हटलं. तेव्हा अजून बारासुद्धा वाजले नव्हते.