जॅकेटच्या आतली नेमप्लेट

व्हेसल पास झालं. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजू, कारण सकाळी तपासणीला इन्स्पेक्टरसाहेब आले तेव्हा ते पास होण्याची कुठलीही चिन्हं नव्हती.

व्हेसल म्हणजे डिंक उकळायचं मोठं बंद भांडं. त्याच्यावर बाहेरून दुसरं भांडं चढवतात, ते जॅकेट. दोन्हींच्या मधल्या फटीतून वाफ फिरते. आतल्याचा दाब वेगळा, जॅकेटचा वेगळा, तापमानंही वेगळी, आणि हे सगळं एका नेमप्लेटवर ठोकावं लागतं. मधली भिंत म्हणजे आमचे बाबा. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आजी. दोघी सारख्याच जोरात बोलल्या तर बाबांना काही होत नाही. पण एक रुसून गप्प बसली आणि दुसरीचा पट्टा चालूच राहिला, की बाबा चेपतात. भिंत त्या दिवसाच्या हिशेबाने जाड घ्यायची असते. हे गणित मला पक्कं येतं. प्लेट कुठे लावायची, तेवढं राहून गेलं होतं.

मी ती आतल्या भांड्यावर लावली. मग वेल्डरने वरून जॅकेट चढवून सगळं बंद केलं.

"तुला प्लेट दिसली नाही?" मी त्याला विचारलं.

"दिसली की. छान झालीय."

"मग?"

"आतल्या भांड्याची पाटी आतल्या भांड्यावरच असणार ना, छोटे मालक. तुमच्या घराची पाटी शेजाऱ्यांच्या दारावर लावता का?"

मोठे मालक म्हणजे माझे काका. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते शांत झाले की मला घाम फुटतो. "हे गिऱ्हाइकाकडे गेलं नाही," ते म्हणाले, "तर उद्यापासून तू ग्रिलच्या शेडमध्ये."

खिडक्यांच्या ग्रिलची शेड माझी ताई सांभाळते. ती मला लहानपणापासून ओळखत असल्यामुळे तिथे खरंच काम करावं लागतं.

साहेबांनी व्हेसलभोवती दोन चकरा मारल्या. "प्लेट कुठाय?"

"आहे साहेब. आत आहे."

"मग मी वाचू कशी?"

वेल्डरने वाफ आत शिरायच्या नोझलकडे बोट दाखवलं. "हात घाला. अक्षरं ठोकलेली आहेत, बोटाला लागतील."

माणूस कर्तव्यदक्ष. बाही वर सारली, खांद्यापर्यंत हात घातला, डोळे मिटले. "आतला दाब सहा... व्हॅक्यूमही आहे, बरं. जॅकेट आठ... एकशे ऐंशी अंश. सुरेख ठोकलंय हो."

मग हात बाहेर येईना. साबण लावला तर आणखी आत गेला.

"जॅकेट कापतो," कटर घेऊन वेल्डर म्हणाला.

"पास झालेलं व्हेसल कापता येत नाही," साहेब म्हणाले.

"पास झालंय का?"

"अजून नाही."

"मग कापतो."

"हात लावू नकोस," मी म्हणालो. "कापलेलं पास होत नाही."

काका पुढे आले. "साहेब, प्लेट वाचलीत ना? मग सही करा."

साहेबांनी विचार केला. "प्लेट वाचता आली पाहिजे, एवढंच नियमात आहे. डोळ्यांनीच, असं कुठे म्हटलंय? पण सहीचा हात आत आहे."

"डाव्याने करा."

त्यांनी डाव्या हाताने कोंबडीचे पाय काढले. व्हेसल पास. मला वाटलं, सुटलो.

"एक मिनिट," साहेब म्हणाले. "आता मीही याला जोडलेला भाग आहे. आणि सगळ्यात कच्चा भाग सोसेल, तेवढंच जॅकेटचं तापमान धरतात."

"तुम्ही कितपत सोसता, साहेब?"

"मी चहासुद्धा निवल्याशिवाय पीत नाही."

चर्चेअंती सदतीस अंश ठरले. सदतीस अंशांना डिंक उकळत नाही, फार तर कोमट होऊन बघत बसतो. असलं व्हेसल गिऱ्हाईक दारातूनच परत पाठवणार. काकांनी ताईला फोन लावला. ती फोनवर हसल्याचं मला आमच्या शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आलं. मी तिथेच कागद मागवला आणि लिहिलं:

प्रति, इन्स्पेक्टरसाहेबांच्या मातोश्री. आपण मूळ उत्पादक असल्याने आपल्या मंजुरीशिवाय चिरंजीवांच्या डिझाइनमध्ये बदल करता येत नाही. तरी त्यांची कमाल तापमान मर्यादा सदतीसवरून वाढवून एकशे ऐंशी अंश करण्यात यावी, व तसा दाखला आज काम सुटायच्या आत मिळावा, ही नम्र विनंती.