मागची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. ॲल्युमिनियमची, सोळा फूट लांब, आणि एके काळी हिरवी. केंटकीतल्या एका टेकडीच्या उतारावर, तंबाखू वाळवायच्या कोठाराला टेकून मी उभी आहे. पाणी इथून दिसत नाही. मला माझ्या मागच्या खुर्चीची गोष्ट सांगायची आहे. तिच्यातच माझी गोष्ट येऊन जाते.

व्हर्लन आणि हार्लिस टॅकेट या दोन भावांनी मिळून मला घरी आणलं, तेव्हा माझ्या अंगावर एक ओरखडासुद्धा नव्हता. पुढच्या खुर्चीवर व्हर्लन बसायचा. पुढच्या टोकाला लावलेली छोटी विजेची मोटर पायाने वळवत तो मला काठाकाठाने न्यायचा. मागच्या खुर्चीवर थोरला हार्लिस असायचा. मागचं मोठं इंजिन त्याच्याकडे आणि माशांची टाकीही त्याच्याकडे. आमच्या मासेमारीच्या क्लबात स्पर्धा असत: बास जातीचे मासे पकडायचे, दुपारी तोलायचे आणि जिवंत तळ्यात सोडायचे. मासा मेला तर वजन कापलं जाई. म्हणून तान्ह्या बाळाचा श्वास ऐकावा तसा हार्लिस टाकीच्या पंपाकडे कान लावून असायचा. मधूनच तो सार्डिनचा डबा उघडून बिस्किटांबरोबर मासे खायचा. त्याचं तेल खुर्चीवर सांडायचं आणि तो भावाला चिडवायचा, "अरे व्हर्लन, गळ टाकतोयस की कपडे वाळत घालतोयस?"

"तू मासे सांभाळ. तोंड नको चालवू."

"तोंड चालवतो म्हणून तर तुला झोप लागत नाही!"

तो जोड्यांचा क्लब होता. एका कार्डावर दोन नावं लिहिली जात. आमच्या कार्डावर सव्वीस वर्षं तीच दोन नावं होती. दुसऱ्यांच्या होड्या चकचकीत होत्या, तरी तोलायच्या वेळी लोक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "डबडी दिसते खरी, पण मासे हिला ओळखतात."

मग एका फेब्रुवारीत हार्लिस गेला. कोठारात काम करता करता बसला, तो उठलाच नाही.

मार्चमध्ये कार्ड भरायचं होतं. क्लबचा चिटणीस बर्डेट स्वतः घरी आला. टोपी हातात धरून तो म्हणाला, "व्हर्लन, एकट्याचं नाव मला लिहिता येत नाही रे. कुणालाही आण, पण दुसरं नाव आण."

दुसऱ्याच दिवशी हार्लिसची बायको ओनीडा अंगणात आली. तिच्या हातात हार्लिसची मासेमारीची टोपी होती. "माझं नाव लिही," ती म्हणाली. "हार्लिसला गळ टाकायला कुणी शिकवलं असं वाटतं तुला?"

व्हर्लन माझी कड पुसत राहिला. "ती त्याची जागा आहे, ओनीडा."

"एकतीस वर्षं त्याच्या शेजारी बसले. आता त्याच्या खुर्चीवर बसले तर तो रागावेल होय?"

व्हर्लनने फडकं पिळलं आणि पुन्हा कड पुसायला घेतली. तिने टोपी मागच्या खुर्चीवर ठेवली आणि ती निघून गेली. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तिला हाक मारली असती.

मग व्हर्लन दुसरा क्लब शोधायला निघाला. मला चाकांच्या गाड्यावर चढवून, तो आपल्या गाडीमागे जोडून घेऊन जायचा. पहिल्या क्लबात सगळे म्हातारे होते. ते माशांपेक्षा 'पेकन पाय' नावाच्या गोड पक्वान्नावर जास्त बोलले. दुसरा क्लब मोठा होता. तिथे दर फेरीला आमिषाच्या बादलीतून चिठ्ठ्या काढत. ज्याची चिठ्ठी निघेल तो तुमच्या होडीत मागे बसणार. हे सांगता सांगता एका सभासदाने माझी मागची खुर्ची सहज दाबून पाहिली. व्हर्लनचा चेहरा पडला.

"होडी नसलेल्यांचीही यादी असते ना?" त्याने विचारलं.

"असते. पण तुझ्याकडे होडी आहे की!"

"आहे. ती येणार नाही."

त्याने त्या यादीत नाव घातलं. घरी येऊन माझ्यावर ताडपत्री ओढली, दोरीच्या घट्ट गाठी मारल्या आणि तो मागच्या खुर्चीला म्हणाला, "आता तुझ्यावर कुणी बसणार नाही."

त्याने ते मायेनेच केलं. मीही तेव्हा ती मायाच समजले.

दर शनिवारी पहाटे कुणाची तरी गाडी यायची आणि व्हर्लन गळाची काठी घेऊन परक्याच्या होडीत मागे बसायला जायचा. आधी आधी तो ताडपत्रीचं टोक उचलून आत पाहायचा. पुढे तेही थांबलं. ताडपत्रीत पाणी साचलं, पानं कुजली, उंदीर आले. माझा पत्रा कुजत नाही, पण इंजिन ज्या फळीवर टांगतात ती लाकडाची असते. ती आतून हळूहळू भिजत गेली. कुणाला कळलं नाही.

चौथ्या पानगळीत ओनीडा मक्याची भाकरी घेऊन आली. मधल्या काळात तिला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. उजवा हात नुसता लोंबत होता. व्हर्लन पायरीवर बसला होता.

"क्लब सोडला मी," तो म्हणाला. "माणसं भली आहेत. पण मला कुणी चिडवत नाही." मग म्हणाला, "ओनीडा, चुकलो मी. येत्या हंगामात आपण दोघं जाऊ. एका कार्डावर दोन नावं."

ती अर्ध्या ओठांनी हसली. "आता रे? हा हात चमचासुद्धा धरत नाही."

तरी त्याने उठून गाठी सोडल्या. हार्लिसच्या खुर्चीचा स्पंज उंदरांनी उपसला होता आणि त्याच्याच टोपीत घरटं केलं होतं. व्हर्लनने मागची फळी दाबली, तर त्याचा अंगठा लाकडात आत गेला. इंजिन पेलणारी फळीच गेली होती; मी पुन्हा तरंगणार नाही हे आम्हा तिघांनाही त्याच क्षणी कळलं.

मग ओनीडा म्हणाली, "हात दे."

त्याच्या आधाराने ती चढली आणि त्या फाटक्या खुर्चीवर बसली. व्हर्लन पुढे जाऊन बसला. चाकांभोवती गवत वाऱ्याने हलत होतं.

"अरे, काठी उचल की," ती मागून म्हणाली. "का कपडे वाळत घालायला आलास?"

व्हर्लनने मागे वळून पाहिलं नाही. त्याचे खांदे तेवढे हलत होते.

मित्रांनो, माझी निगा राखली नाही असं मी म्हणणार नाही. चाकांना वंगण होतं, गाठी पक्क्या होत्या. पण जे आवडतं ते नुसतं झाकून ठेवलं, तर ते झाकणाखालीच संपतं. तुमच्या घरीही एखादी रिकामी खुर्ची असेल. कुणी येऊन "मी बसू का?" असं विचारलं, तर त्याला बसू द्या. मला विचारणारी एकदाच आली होती. तेव्हा मी अजून तरंगत होते.